कारबुरेटरचा गळा

"घरी नेऊन काय करशीन?" मालकांनी विचारलं. मी बसचा कारबुरेटर फडक्यात गुंडाळत होतो.

"आतून घासतो. गॅरेजात धूळ लय उडते."

"बिघडला त माही गाडी उभी राहीन, नारायण."

"उद्या सकाळी बसवून देतो."

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले आणि मी बुलढाण्यात मोटार मेकॅनिक होतो. आमची बस मलकापूरहून परत येताना राजूर घाटात दम टाकायची. ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवायचा. माणसं चढ पायी चढायची, रिकामी बस मागून यायची. माझ्या आईचे गुडघे गेले होते. तिची धाकटी बहीण घाटाखाली, धामणगाव बढ्याला. आईचं तिकडे जाणंच बंद झालं होतं. हे मी मालकांना सांगितलं नव्हतं.

कारबुरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग. त्याच्या नळीत थ्रॉटलची गोल पाटी असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते आणि इंजिनात हवा जाते. आमच्या नळीत ओतकामाचा खडबडीतपणा तसाच राहिला होता. तिथे हवा अडे आणि चढावर जोर कमी पडे. पाटी जिथे टेकते तिथे मात्र कानस लावायची नसते, नाहीतर ती पुरती मिटत नाही आणि इंजिन आपोआप पळत सुटतं.

मी ओसरीवर बसलो. आई समोर डाळ निवडत होती.

"कायचं नरडं आहे रे हे?"

"मोटारीचं."

"मोठं करून राह्यला?"

"नाही. गुळगुळीत करतो."

माझं जाड बोट वळणापर्यंत पोचेना. आईनं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसला आणि करंगळी आत घातली.

"अठी टोचते."

मी तिच्या बोटाला पॉलिशपेपरची पट्टी गुंडाळून दिली. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीनं घासत होतो. ती मावशीच्या लहानपणाचं सांगत होती. मध्येच थांबली.

"आता तिले दिसत नाही म्हन्तेत. मले आवाजावरून ओळखीन का?"

मी तिच्या बोटाची पट्टी बदलून दिली.

सकाळी कारबुरेटर बसवला. पहिल्याच चढाला इंजिन ठसकायला लागलं. हवा वाढली होती, पेट्रोल मात्र तेवढंच येत होतं. पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र म्हणजे जेट. तो एक नंबर मोठा लावला, तेव्हा गाडी सरळ चालली.

पुढच्या आठवड्यात आई धामणगावला जाऊन आली. तिला आणायला मी घाटाखाली मोताळ्यापर्यंत गेलो. परतताना शेवटच्या वळणावर बस रेंगाळली. ड्रायव्हरनं फक्त गडीमाणसांना उतरायला सांगितलं. मीही उतरलो. बाया आणि म्हातारी माणसं बसून राहिली.

वर पोचल्यावर मी आईच्या खिडकीशी गेलो.

"मावशीनं ओळखलं?"

"मी तोंड उघडाच्या आधी. अंगनात पाय वाजला न म्हने, अक्का, लंगडून काऊन राह्यली वं?"

ती हसली आणि पदरानं डोळे पुसले.

नळी घासूनही पूर्ण भरलेली बस घाट चढली नाही. निम्मी रिकामी झाल्यावरच चढली. पण हवा वाढवली तर जेटही त्याच वेळी बदलावा, हे मी तेव्हापासून पाळत आलो.