पूर्णगडच्या टपालाची मोजदाद

सोमवारी मुंबईच्या बोटीने हुकूम आला. सरकारने खर्च कमी करायचे ठरवले होते. रत्नागिरीच्या पोस्टातली एक जागा रद्द होणार होती. जागा पूर्णगडच्या हरकाऱ्याची होती.

आमच्या पोस्टातल्या संघाच्या सेक्रेटरींनी हुकूम दोनदा वाचला, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "उत्तर लिहू."

जगात जे काही वाईट घडते ते कोणीतरी कोणाला तरी नीट लिहून न कळवल्यामुळे घडते, अशी त्यांची श्रद्धा होती. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. खानावळीत आमटी पातळ झाली तर तुम्ही-आम्ही कुरकुरतो. हे खानावळवाल्याला अर्ज देत. अर्जाच्या डाव्या बाजूला समास सोडलेला असे.

पोस्टात ते दुसरे कारकून होते आणि मी रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर. रजिस्टराच्या आड मी पुस्तक उघडून बसे, म्हणून ते मला 'ग्रंथपाल' म्हणत. आमच्या संघात सहा माणसे होती : सेक्रेटरी, मी, दोन पोस्टमन, थैल्या बांधणारा पॅकर, आणि खांद्यावर थैली टाकून पूर्णगडला चालत जाणारा हरकारा धोंडू. पोस्टाच्या मागे फणसाखाली सभा भरे. अध्यक्ष पाळीपाळीने होत. कपातीच्या निषेधाची सभा भरली तेव्हा पाळी नेमकी धोंडूची होती. ठराव वाचून होईपर्यंत अध्यक्ष बुंध्याला टेकून झोपी गेले.

एक पोस्टमन त्याला हलवू लागला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "अध्यक्षांना उठवू नका. ते पूर्णगडाहून चालत आलेत. विरोध कोणाचा नाही ना? मग ठराव मंजूर."

पूर्णगडात धोंडूच्या घरी बायको, चार मुली आणि म्हातारी आत्या होती. जमीन म्हणाल तर कातळ. जागा गेली तर त्याला मुंबईला गिरणीत जावे लागणार होते, आणि गिरण्याही तेव्हा माणसे काढतच होत्या. सभेनंतर त्याने सेक्रेटरींना एकच विचारले, "सायब, माजी जागा ऱ्हाईल काय?"

"राहील. मी लिहितो."

त्यांनी लिहिले. वरून जबाब आला की पूर्णगडला टपाल फारच थोडे जाते. तरीही पुढल्या आठवड्यात रोजच्या टपालाची मोजदाद करून आकडे पाठवावेत.

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "ग्रंथपाल, मुद्दा सापडला. टपाल थोडे जाते म्हणून जागा जाते. तर मग टपाल जास्त गेले पाहिजे."

"पण लिहायचे कोणाला? तिथे माझ्या ओळखीचे कोण आहे?"

"ओळख नाही म्हणूनच तर पत्र लिहायचे. ओळख असती तर भेटायला गेलो असतो."

त्यांची एकच अट होती. कोरे कार्ड टाकायचे नाही. ती खात्याची फसवणूक होईल. प्रत्येक कार्डात खरा मजकूर हवा. धोंडूला यातले काही सांगायचे नाही, म्हणजे तो खोटे बोलायच्या संकटात पडणार नाही. आम्ही लिहायला बसलो. सेक्रेटरींनी मतदारांची यादी मिळवली आणि एकेकाला माडांच्या किडीवर उपाय कळवला. ज्यांचे माड नव्हते त्यांना प्रकृती विचारली. मी तिथल्या शाळामास्तरांना वाचलेल्या पुस्तकांचे सार कळवू लागलो. एका पोस्टमनने अकरा वर्षांत पहिल्यांदा पूर्णगडच्या सासूला पत्र लिहिले.

तिसऱ्या दिवशी धोंडू थैली उचलताना म्हणाला, "आवो सायब, हेच्यात काय धोंडं भरल्यात?"

"लोकजागृती आहे," सेक्रेटरी म्हणाले. "सांभाळून ने."

पूर्णगडात काय झाले ते आम्हाला मागाहून कळले. त्या किनाऱ्यावर कार्ड यायचे ते मुंबईहून, आणि अवेळी आलेले कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी. तीन घरांतून वाचण्याआधीच रडारड झाली. मग सगळे गाव कार्डे घेऊन शाळेत लोटले, कारण वाचणार कोण? मास्तरांनी दोन दिवस शाळा बंद ठेवून माडांच्या किडीचे वाचन केले. एका खलाशाने उलट टपाली विचारले, "आमची प्रकृती विचारणारे तुम्ही कोण? मुलगी दाखवायची असल्यास स्पष्ट लिहावे." पोस्टमनची सासू तर जावयाची माया पाहून गहिवरली आणि बोचके घेऊन कायमची राहायला आली.

शनिवारी खाडी ओलांडायच्या तरीत थैली चढवताना धोंडू घसरून चिखलात बसला. परतल्यावर तो सेक्रेटरींपुढे उभा राहिला. कंबर धरलेलीच होती.

"माला खरं सांगा, तुमी माला वाचवताव का मारताव?"

तेव्हा त्यांनी त्याला सगळे सांगितले. धोंडू हसला नाही. "बरं," एवढेच म्हणाला.

आकडे वर पाठवले. पंधरा दिवसांनी निकाल आला. पूर्णगडच्या टपालात झालेली वाढ पाहता ते एका माणसाच्या खांद्यावरून जाणे शक्य दिसत नाही. सबब ते खाडीपलीकडून मोटारीने पाठवावे आणि हरकाऱ्याची जागा महिनाअखेर बंद करावी.

सेक्रेटरी त्या दिवशी "उत्तर लिहू" म्हणाले नाहीत. फणसाखाली धोंडू विडी ओढत बसला होता, त्याच्याजवळ जाऊन ते उभे राहिले.

"धोंडू, जागा गेली. मी घालवली."

धोंडूने विडी विझवली. म्हणाला, "माजी आत्या तुमचं कार्ड उशाशी घेऊन निजते, सायब. तिला उभ्या जन्मात कोणी लिवलं न्हवतं."

सेक्रेटरी चार दिवस फक्त लिहीत होते. पाचव्या दिवशी त्यांनी अर्ज पोस्टमास्तरांच्या टेबलावर ठेवला. मास्तर वाचता वाचता खुर्चीतून उठले.

"अहो, हे काय? तुम्ही स्वतःचीच जागा काढा म्हणता?"

"सरकारला एक जागा कमी हवी आहे, मास्तरसाहेब. दुसरा कारकून जास्तीचा आहे, हे मी अकरा मुद्द्यांत सिद्ध केले आहे. हरकाऱ्याला दुसरा पॅकर म्हणून घ्यावे. सरकारची बचत उलट जास्तच होते."

मी तो अर्ज वाचला आहे. सातवा मुद्दा असा होता की, सदर कारकून कामाचा निम्मा वेळ अर्ज लिहिण्यात घालवतो.

"पण आपला संघ कपातीच्या विरुद्ध आहे ना?" मी विचारले.

"आहेच की. बारावा परिच्छेद वाचा. ही जागा रद्द केल्याबद्दल संघातर्फे तीव्र निषेध नोंदवला आहे."

मास्तरांनी अर्ज दोन दिवस खणात दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी त्यांना स्मरणपत्र दिले.

संघाचे सगळे अर्ज आजवर नामंजूर झाले होते. हा एक मंजूर झाला, तोही आठवड्याच्या आत. त्यांच्या नोकरीची सहा वर्षे बाकी होती. ते देवरूखजवळच्या आपल्या गावी गेले. निघताना हार घालायला गेलो तर म्हणाले, "ग्रंथपाल, आता सेक्रेटरी तुम्ही. समास सोडायला विसरू नका." मला काही बोलायचे होते. ते मी बोललो नाही आणि पुढे लिहूनही कळवले नाही.

ते वारल्याचे कार्ड मागच्या महिन्यात आले. थैली धोंडूने सोडली. त्याला वाचता येत नाही. मयताच्या कार्डाचा फाडतात तसा कोपरा फाडलेला पाहून त्याने ते वेगळे काढले आणि माझ्यापुढे धरले.

धोंडू पॅकर आहे. त्याच्या दोन मुलींची लग्ने झाली. संघात आम्ही पाच जण आहोत. दुसऱ्या कारकुनाची जागा पुन्हा निघाली नाही. त्या खुर्चीवर पूर्णगडची थैली ठेवतात.