दाराजवळची जागा

आमच्या खर्डा गावात मुलींनी पोरांच्याच शाळेत बसायचं ठरलं, तेव्हा एकीलाही कुणी पाठवेना. मग गुरुजींनी आपल्या बायकोलाच वर्गात आणून बसवलं.

नऊवारीतली ती बाई दाराजवळ, पाटी पदराखाली धरून बसायची. हजेरीत नवऱ्यानं नाव घेतलं की उभी राहून म्हणायची, "हाय, गुर्जी." पोरं फिदीफिदी हसायची. ती आपली मान खाली घालून अक्षर गिरवायची.

मास्तरीणबाईच बसते म्हटल्यावर आमच्या आयांना धीर आला. आम्ही चौघी गेलो. माझी ऐट काय सांगू, जणू शाळा माझ्यासाठीच बांधली होती! गुरुजी तिला म्हणाले, "आता पोरी आल्या. तू घरचं बघ." ती 'म'पर्यंत आली होती. पाटी पुसून ती उठली, आणि त्या जागेवर मी फतकल मारली.

पुढं ती दुपारी गुरुजींची भाकरी घेऊन यायची. मी दीडशहाणी विचारायची, "काकू, शाळा सोडली व्हय?"

"माजी शाळा तुमी येईस्तोवरच हुती गं," ती हसून म्हणायची.

पण फळ्यावर नवं अक्षर असलं, की गुरुजींची भाकरी दारातच निवून जायची.