नोटीस उघडेना

"मॅडम, हा माणूस मुद्दाम फाइली लॉक करतोय," देवरे सर केबिनचं दार लावता लावता म्हणाले. "राजीनामा दिला आणि लगेच हे धंदे सुरू! रिलीव्हिंग लेटर विसरा म्हणावं त्याला."

'हा माणूस' म्हणजे आमचे सीनियर डिझायनर सोनवणे. मूळचे नांदगावचे, कंपनीत बारा वर्षं. सोमवारी त्यांना चाकणला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि त्या लेटरशिवाय तिथे कुणी दारात उभं करणार नव्हतं. दिवस होता शुक्रवार. देवरे सर प्लांट हेड आणि मी अंबडच्या त्या साचे बनवणाऱ्या कारखान्याची सिस्टिम अ‍ॅडमिन. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी माझ्याच नावाने शंख.

तक्रार खरी होती. सोनवणेंनी कॉमन फोल्डरमध्ये टाकलेलं ड्रॉइंग दुसऱ्या कुणी उघडायला गेलं की स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड'. बाकीच्यांच्या फाइली मात्र मुकाट उघडायच्या. महिनाभर हेच चाललं होतं, आणि राजीनामाही महिन्यापूर्वीचाच. सरांनी दोन आणि दोन चार केले होते.

मी सोनवणेंच्या टेबलापाशी गेले. "काय हो, काय चाळे चाललेत?"

"आईशप्पथ मॅडम, मी काय बी केलं नाय! बारा वर्षं राबलो इथं, आता जाता जाता तोंड काळं करून घेऊ?" मला कसंनुसं झालं.

"बरं, काम कसं करता ते दाखवा. रोज करता अगदी तस्सं."

त्यांनी ड्रॉइंग आधी स्वतःच्या खासगी फोल्डरमध्ये काढलं. पूर्ण झाल्यावर कट करून कॉमन फोल्डरमध्ये पेस्ट केलं. "अर्धवट काम लोकांना दाखवू नये, मॅडम. पहिल्यापासून सवय हाय." बाकीचे डिझायनर थेट कॉमन फोल्डरमध्येच काढायचे.

मी कपाळावर हात मारला. चूक माझी होती.

लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक फाइलीला एक मालक असतो आणि एक ग्रुप. आमच्या नव्या सर्व्हरवर फाइल उघडायची तर तुम्ही त्या ग्रुपमध्ये हवेत. जुन्या सर्व्हरवर सगळं सगळ्यांना मोकळं होतं, नुसती धर्मशाळा. महिन्यापूर्वी नवा सर्व्हर लावताना मी शहाणपणा केला आणि प्रत्येक कॉमन फोल्डरवर 'सेटजीआयडी' नावाची खूण लावली. ती असली की त्या फोल्डरमध्ये तयार होणाऱ्या फाइलीला फोल्डरचाच ग्रुप आपोआप मिळतो. तयार होणाऱ्या, बरं का! घरात जन्मलेलं मूल घराचं आडनाव लावतं. राहायला आलेला पाहुणा स्वतःचंच आडनाव घेऊन येतो. त्याच डिस्कवर कट-पेस्ट केलेली फाइल म्हणजे पाहुणा. तिचा ग्रुप जुनाच राहतो, सोनवणेंचा खासगी. त्यांनी कॉपी केली असती तर नवी फाइल जन्मली असती आणि काही बोंब झाली नसती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सरांना समजवायला गेले. दोन वाक्यांतच त्यांनी हात वर केला. "टेक्निकल नको. माझ्या खासगी फोल्डरमध्ये नोटीस टाइप करून ठेवलीये मी, 'हेतुपुरस्सर फाइली बंद केल्या' म्हणून. जाऊ दे एचआरकडे."

माझं डोकंच सटकलं. पण सरांशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग एकदम सुचलं.

"ठीक आहे सर. ऑफिसच्या कॉमन फोल्डरमध्ये टाका, एचआरच्या कुलकर्णी मॅडम प्रिंट काढतील. फक्त गोपनीय आहे ना, तुमच्याकडे कॉपी ठेवू नका. कट करूनच टाका."

"करेक्ट," म्हणत सरांनी स्वतःच्या हाताने कट-पेस्ट केलं.

पाच मिनिटांत कुलकर्णी मॅडम दारात. "सर, नोटीस उघडत नाहीये हो. परमिशन डिनाइड येतंय."

मी गरीब गाईसारखा चेहरा केला. "सर, तुम्हीपण राजीनामा दिलाय का?"

कुलकर्णी मॅडमना ठसका लागला. सर लाल झाले. "अहो, मी काहीच केलं नाही!"

"सोनवणेही सकाळपासून हेच सांगतायत."

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "हं, सांगा आता ते टेक्निकल." या वेळी पूर्ण ऐकलं. चूक माझी होती, हेही मी सांगून टाकलं.

"आणि या नोटिशीचं काय करायचं?"

"उघडायला फाइलीची परवानगी लागते, डिलीट करायला फोल्डरची," मी म्हटलं. "कुलकर्णी मॅडमना ती वाचता येणार नाही, पण उडवता येईल."

सरांनी मान डोलावली. मॅडमनी ती न वाचताच उडवली.

सोनवणेंच्या सगळ्या फाइलींचा ग्रुप बदलायला मला कमांडच्या दोन ओळी पुरल्या. चार वाजता लेटरवर सही झाली. सोनवणे ते घेऊन माझ्याकडे आले आणि हात जोडून उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

धडा एवढाच: फोल्डर बांधण्याआधी माणूस काम कसं करतो ते त्याच्या शेजारी बसून बघावं. मी ते महिनाभर उशिरा बघितलं, आणि तो माणूस मलाच हात जोडत होता.