गार पाण्यानंतरचा घाट

पाण्यात उतरायच्या आधी दादा कोपर बुडवून बघायचे, बाळाला न्हाऊ घालणारी बाई बघते तसं. मग आमच्याकडे वळून म्हणायचे, "समुद्राचं पानी म्हंजी मामाचं घर. धरणाचं पानी म्हंजी चुलत्याचं. जेवाय घालतंय, पर नजर ठिवून."

तुम्ही पाणबुडे पाहिले असतील ते किनाऱ्यावरचे. हे म्हसवडकडचे, जिथं प्यायचं पाणीही टँकरनं येतं तिथले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी कळप घेऊन कोकणात उतरले. मालवणच्या बाजूला पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेतात, तिथं हवेच्या टाक्या उचलायला लागले आणि हळूहळू स्वतःच खाली जाऊ लागले. "मेंढरं भावाला दिली आन् माशांमागं लागलो," म्हणायचे.

मी एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होतो. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका धरणाचे दरवाजे पाण्याखालून तपासायचं काम आम्हाला मिळालं, म्हणून ते आले. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला सायेब.

त्यांच्याकडे दोन पोशाख होते. समुद्रातला पातळ, त्याला ते बनियन म्हणत. धरणातला जाड रबरी, तो घोंगडं. घोंगडं तरंगतं, म्हणून कमरेला शिसं जास्त बांधावं लागे.

"पाणी ते पाणीच, दादा. एवढा काय फरक?" मी एकदा विचारलं.

"वरवर ऊनच लागतंय. खाली गेलं की एकदम गार. बोटं हायती का न्हाईती कळत न्हाई. मालवणात मासं बघून माणूस हरकून जातंय. हितं दार चाचपायचं, आंधळ्यावानी."

"भीती नाही वाटत?"

"वाटती की! म्हणून तर परत वर येतो."

त्यांचा एक नियम होता. गार पाण्यात खोल गेलं की त्या दिवशी घाट चढायचा नाही. "आंगात दाबून बसल्याली हवा सावकाश निघाय पायजे. त्यात आंग गारठल्यालं, मग तर लयच सावकाश. तवर उंचावर गेलं की फसफसती, सोडाबाटलीवानी." म्हणून धरणाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्येच ते मुक्काम करायचे.

इथपर्यंतचं मी बऱ्याच जणांना सांगितलंय. पुढचं सांगायचं टाळत आलो.

पौषातला दिवस होता. ते तीनदा खाली जाऊन आले होते. दुपारी कंत्राटदाराचा फोन आला. तो कुटुंबासह महाबळेश्वरला उतरला होता. दरवाज्यांचं काय दिसलं ते पाणबुड्याच्याच तोंडून ऐकायचंय, त्याला घेऊन आत्ताच्या आत्ता वर ये म्हणत होता. नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

"उद्या जाऊ की सायेब," दादा म्हणाले.

"तासाभराचा तर घाट. काही होत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी म्हंता तर चला."

निम्म्या घाटात त्यांनी उजवा खांदा धरला. "गाडी खाली घ्या," म्हणाले. मी म्हणालो, "आता दहाच मिनिटं." दहा मिनिटांनी पुन्हा तेच म्हणालो. वर पोचलो तेव्हा त्यांना धड उभं राहता येत नव्हतं. काय झालं, असं कंत्राटदारानं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "धरणाच्या पायरीवरून घसरले." डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. अहवालातही तेच लिहिलं. त्यामुळे उपचार झाले ते पडण्याचे. दादा खाटेवरून माझ्याकडे बघत होते, पण बोलले नाहीत. पुढे त्या खांद्याचं हाड आतून मेलं. हात वर जाईना. पाणी सुटलं ते कायमचं.

सहा वर्षं मी त्यांच्या गावाकडे फिरकलो नाही. मग एकदा गेलो. ते भावाच्या मेंढरांत बसले होते. मी सगळं बोललो. वाटलं, शिव्या देतील.

"मला ठावं हाय की," ते म्हणाले. "हाताचं काय न्हाई सायेब. मीबी गाडीत बसाय नगं हुतं. पर पायरीवरनं पडलो आसं लिवलंसा. चौदा वर्सं पान्यात काडली मी. गावात म्हंत्यात, ह्यो पायरीवर बुडाल्याला पाणबुड्या."

मी तिथंच कागद मागून घेतला. घडलं तसं लिहिलं, खाली सही केली. ऑफिसला देतो म्हणालो.

"हापिसला नंतर द्या. आदी चला."

ते मला पारावर घेऊन गेले. तिथं चहाच्या टपरीपुढं सात-आठ जण बसले होते. "ह्ये धरणावरचं सायेब. काय वाचत्यात ते ऐका," एवढंच बोलले आणि बाजूला उभे राहिले.

मी वाचलं. 'माझ्या आग्रहामुळे' या शब्दांवरून मी भरभर पुढं जाऊ लागलो, तेव्हा दादाच म्हणाले, "दमानं वाचा. घाई न्हाई."

वाचून झालं. बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी पडला न्हवता?"

"नाही. मी वर नेलं."

 म्हातारा थोडा सरकला आणि दादांना म्हणाला, "बस रं गड्या, हुबा का?"

दादा आता नाहीत. गेल्या वर्षी झोपेतच गेले. डोळ्यांपुढे येतात ते त्या बाकावर, दाटीवाटीनं बसलेले. बसल्यावर त्यांनी डाव्या हातानं शेजारच्याला अजून थोडं ढकललं, वीतभर जागा केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "या की."