फारुकभाईंचं अर्धं पांढरं पान

आमच्या मांडवीची हवा अशी, की सकाळी भाजलेला पापड दुपारी रुमालासारखा घडी घालून ठेवावा. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. अशा गावात हवा दमट करायचं यंत्र विकत आणणारा माणूस एकच, आमचे शेजारी फारुकभाई.

फारुकभाई जन्मभर जहाजावर कुक होते. निवृत्त होऊन घरी आले आणि थोड्याच दिवसांत घराला जड झाले, कारण त्यांना हाताखाली चार माणसं लागत आणि घरात एकटी हाजराभाभी. मग त्यांनी कुठूनसं एक शोभेचं झाड मागवलं. मॉन्स्टेरा. त्याला दमट हवा लागते, म्हणून ते यंत्र. कातरलेलं थोरलं पान, अर्धं हिरवं, अर्धं पांढरंफटक, जसा काही रंगाऱ्याचा डबा मध्येच संपला. पांढऱ्या भागाला ऊन सोसत नाही आणि उजेड कमी पडला तर पुढचं पान साधं हिरवं येतं, म्हणून फारुकभाई दिवसभर कुंडी उचलून पडवीच्या या टोकाकडून त्या टोकाला हिंडत. मऊ चिंधीने एकेक पान पुसत.

"पोरांची नाकं कधी पुसली नाय ह्यांनी," भाभी मला म्हणाली. "नि आता पाल्याचं तोंड पुसतायत."

मी हसले, पण ती हसली नाही. नवं पान उलगडायला लागलं की फारुकभाई त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत, ताटही तिथेच मागवत. मुलगा अरीब आणि मुलगी नबीला जन्मले तेव्हा मात्र हे दोन्ही वेळा कुठल्यातरी परक्या बंदरात कांदा चिरत होते. मला भाभीचा राग पटायचा. माझा नवरा असता तर मी कुंडीसकट बाहेर काढला असता.

तर झालं काय, फारुकभाईंना पुतण्याच्या लग्नाला खेडला जावं लागलं. निघताना भाभीला बजावलं, "पाणी घालू नको. हात लावू नको. नुसतं बघ."

भाभीने दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी तिला झाड मरगळलेलं दिसलं. नवऱ्याचा जीव त्या पानात अडकलेला, आणि परत आल्यावर ते मेलेलं दिसलं तर? तिने सरळ बरणीतलं मूठभर खडेमीठ काढलं, कुंडीत बुंध्याशी घातलं आणि वर माती ओढली. आमच्याकडे माड मलूल दिसला की आळ्यात मीठ घालतात. मी कुंपणापलीकडून बघत होते. मला विचाराल तर मीही तेच केलं असतं.

फारुकभाई परतले तोवर पानांच्या कडा करपल्या होत्या. त्यांनी यंत्राला शिव्या घातल्या, मग समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला. सगळ्या खिडक्या बंद करून प्लास्टिक लावलं. आत भाभी भाकऱ्यांबरोबर स्वतःही भाजून निघत होती, पण बोलत नव्हती. पानं एकेक करून गळाली. शेवटी माती बदलायला त्यांनी कुंडी अंगणात उलटी केली, चिमूटभर माती उचलली आणि, कुकच तो, जिभेवर ठेवली.

"मीठ!"

मी भांडी घासायचं सोडून कुंपणाशी आले. अशा वेळी घरात कोण राहील?

"मी घातलं," भाभी म्हणाली.

"अगो, माड हाय काय तो?"

"माडच ठाव हायत मला!" भाभीचा आवाज चढला. "अरीब झाला तेव्हा एक लावला, नबीला झाली तेव्हा एक. तुमी होतात कुठे? पाणी मी घातलं, मीठ मी घातलं. एक तरी मेला काय?"

फारुकभाईंनी हातातली माती झटकली. त्यांनी वर बघितलं. मागच्या परसात कितीतरी माड होते. इतकी वर्षं त्या माडांचे नारळ फारुकभाईंच्याच कालवणात पडत आले होते.

"नबीलाचा कुठला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो वाकडा. वादळात कलला, तेव्हा मी दोर बांधून धरला."

खरं तर मी आता घरात जायला हवं होतं. मी जागची हलले नाही, तो भाग वेगळा.

त्या झाडाची मुळं दोघांनी मिळून नळाखाली धुतली. उरलं होतं फक्त बोटभर खोड. पुढे पावसाळा संपता संपता त्याला कोंब फुटला. एरवी नवं पान आलं की फारुकभाई आख्खी आळी गोळा करत. या वेळी त्यांनी फक्त भाभीला हाक मारली. ती पिठाच्या हातांनीच आली. पान इवलंसं होतं, अर्धं पांढरं.

"बरं हाय," ती म्हणाली आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली.

परवा मी कुंपणाशी गेले, तर कुंडी पडवीत एकटीच. फारुकभाई ती मऊ चिंधी घेऊन परसात उभे, वाकड्या माडाच्या बुंध्यावरचं शेवाळ पुसत होते.

"पुरे की," भाभी दारातून म्हणाली. "नाक पुसायचं वय गेलं आता तिचं."

फारुकभाई पुसत राहिले. भाभीने आतून एक ओली चिंधी आणून त्यांच्या हातात दिली.