नडगीवरची शाई

छापखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. नवरा तिथला मशीनमन. एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी मोरीत रॉकेलचं फडकं घेऊन ती त्याच्या अंगावरची शाई काढत आली होती. तो हाफपँटवरच मशीनशी उभा राहायचा, त्यामुळे शिंतोडे थेट नडग्यांवर. काळी शाई एका पुसण्यात जाते, जांभळी जीव खाते, हे तिला पाठ होतं. तू संसार माझ्याशी करतेस की फडक्याशी, असं तो चिडवायचा.

एका दुपारी तो पोट धरून मशीनशेजारीच बसला. दवाखान्यात स्वादुपिंडाला सूज निघाली. चार दिवस सलाइन, तोंडात पाण्याचा घोट नाही. पाचव्या दिवशी दुखणं उतरलं. दीर त्याला घरी न्यायच्या गोष्टी बोलू लागला.

त्याच सकाळी तिला नडगीवर जांभळे ठिपके दिसले. मोहरीएवढे, दाट. घरी नेताना माणूस स्वच्छ असावा म्हणून तिनं सिस्टरकडून स्पिरिटचा बोळा मागून घेतला आणि घासायला बसली.

"अगं, साल काढतेस की काय," तो म्हणाला.

ठिपके हलेनात. दुपारी तिनं पुन्हा घासलं. संध्याकाळी ते मांडीपर्यंत चढले होते. आज मला कामाला उठवलं का नाहीस, असं त्यानं दोनदा विचारलं. तिचा हात थांबला. पाच दिवस हा माणूस पलंगावर आहे. शाई आली कुठून?

तिनं सिस्टरला हाक मारली. रक्त तपासलं. प्लेटलेट अकरा हजारांवर आल्या होत्या. दीड लाख तरी हव्यात. दीरानं छापखान्यातली सात माणसं रक्तपेढीसमोर उभी केली. डॉक्टर म्हणाले, प्लेटलेट नकोत. स्वादुपिंडाच्या सुजेमागून क्वचित असं होतं. बारीक रक्तवाहिन्यांत, मेंदूतल्यासुद्धा, जागोजागी गुठळ्या धरतात आणि प्लेटलेट तिथंच खर्ची पडतात. नव्या दिल्या तर गुठळ्यांनाच खाद्य. रोज त्याचा प्लाझ्मा काढून दुसऱ्यांचा घालायचा. तो लागू पडला तर माणूस हाती लागेल.

"मी घासलं म्हणून वाढलं का?" तिनं विचारलं.

"नाही, ताई. त्याचा काही संबंध नाही."

तिनं मान हलवली आणि बाकावर जाऊन बसली. सात दिवस तिथंच होती. आकडे चढू लागले. दीर धावत येऊन सांगायचा. ती बरं म्हणायची.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, असे डाग पुन्हा दिसले तर एक दिवसही थांबू नका.

तीन महिन्यांनी तो कामावर गेला. पहिल्याच संध्याकाळी पोटरीवर जांभळा डाग घेऊन आला. तिनं फडकं भिजवलं, खाली बसली, घासू लागली. जांभळा रंग फडक्यावर उतरला. पाय कोरा झाला.

"निघाला अगं," तो म्हणाला. "पुरे आता."

ती घासत राहिली.