चौकटीवरची चार बोटं

मेजरसाहेबांचा ट्रंक कॉल आला तेव्हा त्यांच्या पत्नी तासाभरापासून झोपायच्या खोलीत अडकल्या होत्या. दार आम्ही बसवलेलं. खिडकीचे गजही आमचेच, चांगले भक्कम.

पाचगणीचं हे घर अख्ख्या ओंडक्यांचं होतं. मेजरसाहेबांनी काश्मीरच्या पोस्टिंगवर तसं पाहिलं होतं. साताऱ्यातले आमचे कॉन्ट्रॅक्टर साहेब कुठल्याच कामाला नाही म्हणत नसत; ते कसं करायचं हे नंतर मला विचारत. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून मला दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे मला सगळंच येत होतं.

ओंडके सिल्व्हर ओकचे, नुकतेच तोडलेले. ते आडवे, एकावर एक रचून भिंती उभ्या केल्या. चौकटी बसवायच्या दिवशी मेढ्याचे धोंडीबा सुतार अडून बसले.

"सायेब, लाकूड वलं हाय. वाळलं की आकसनार, भित खाली बसनार. चौकटीच्या वर चार बोटं जागा सोडा."

मी ते कॉन्ट्रॅक्टर साहेबांच्या कानावर घातलं.

"ड्रॉइंगवर सही कोणाची? तुझी का धोंडीबाची?"

सही माझी होती. चौकटी सहीला शोभतील अशा घट्ट बसल्या.

पावसाळ्यात दारं अडकू लागली. लाकूड फुगलंय, उन्हाळ्यात सुटेल, असं मी रीतसर टाईप करून कळवलं. उन्हाळ्यात ओंडके वाळले, भिंती खाली सरकल्या आणि त्यांचा सगळा भार चौकटींवर आला.

ट्रंक कॉलनंतर कॉन्ट्रॅक्टर साहेबांनी आणि मी जीप मेढ्यावरून नेली आणि धोंडीबांना सोबत घेतलं. पोचलो तर मेजरसाहेब गजांतून पत्नीला चहा देत होते. खिडकीची काच तडकली होती.

"वरून करकर आवाज येतोय," बाई आतून म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता.

आमचे साहेब दाराला खांदा लावायला निघाले.

"आवं, हात लावू नगा," धोंडीबा म्हणाले. "बाई, भितीपास्नं लांब बसा."

त्यांनी जीपचा जॅक मागितला. त्यावर खांब उभा करून दारावरचा ओंडका उचलून धरला, मग करवतीने त्याची खालची बाजू कापली. चौकट मोकळी झाली. दार उघडलं.

बाई बाहेर आल्या, चौकटीवर नव्याने झालेल्या फटीकडे पाहत म्हणाल्या, "वर जागा का नव्हती ठेवली?"

साहेबांनी माझ्याकडे मोठ्या आपुलकीने पाहिलं.

"या धोंडीबांनी सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी ऐकलं नाही."

"मग आता यांनाच विचारून करा," बाई म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस धोंडीबा प्रत्येक चौकटीवरचं लाकूड कापत होते आणि मी पदवीधर माणूस खाली जॅक धरून होतो. साहेबांनी बिलात त्याला 'तांत्रिक सुधारणा' म्हटलं. मेजरसाहेबांनी ते बिल तसंच परत पाठवलं.

लाकूड किती भाराला मोडतं, हे कॉलेजात शिकवतात. ते वाळल्यावर काय करतं, हे सुताराला विचारावं लागतं. शक्यतो घरात माणसं राहायला येण्याआधी.